दूरस्थ स्थितिनिरीक्षण आणि पूर्वानुमानाधिष्ठित देखभाल : साखर कारखान्यातील यंत्रसामग्रीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील साखर कारखान्याचे वर्ष दोन विषम भागांत विभागलेले असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि तेथून पुढे चार-पाच महिने यंत्रे अहोरात्र फिरत राहतात. उरलेल्या काळात तीच यंत्रे उघडली जातात, पुसली जातात, त्यांचे झिजलेले भाग बदलले जातात आणि पुढील हंगामासाठी ती पुन्हा जोडली जातात. प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यानंतरच्या सात दशकांत यंत्रांची क्षमता कित्येक पटींनी वाढली, बगॅसवर वीजनिर्मिती सुरू झाली. देखभालीचे हे वार्षिक चक्र मात्र बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे राहिले.

गाळपाच्या काळात यंत्र बंद पडणे ही इतर उद्योगांतील खोळंब्यापेक्षा निराळी घटना असते. कापड गिरणीतील सूत दोन दिवस पडून राहिले तरी सूतच राहते. तोडलेल्या उसाचे तसे नाही. तोडणीनंतर साधारणपणे २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा अशी अपेक्षा असते. त्यानंतर त्यातील सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊ लागते, ल्युकोनोस्टॉक या जीवाणूंमुळे डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार होतो आणि साखरेचा उतारा घसरतो. २००९-१० च्या हंगामापासून ऊसदर हा रास्त व किफायतशीर मूल्यावर, म्हणजेच उताऱ्याशी निगडित आधारावर ठरू लागला. त्यामुळे गिरणीच्या एका बेअरिंगचा बिघाड शेवटी शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोहोचतो. ऊसतोड मजुराची स्थिती याहून बिकट आहे. त्याला मजुरी टनावर मिळते; कारखान्याच्या तळावर गाडी उभी असताना गेलेल्या तासांना कोणतीच मजुरी नसते. शिवाय बगॅस हेच बॉयलरचे इंधन असल्याने गिरणी थांबली की काही वेळाने वाफ, वाफेपाठोपाठ वीज आणि विजेपाठोपाठ संपूर्ण कारखाना थांबू शकतो.

बिघाड होण्यापूर्वी त्याची चाहूल लागावी, ती यंत्रापाशी उभे न राहता लागावी, आणि दुरुस्तीची वेळ यंत्राने नव्हे तर माणसाने ठरवावी, ही दूरस्थ स्थितिनिरीक्षणामागील मूळ कल्पना होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा शास्त्रीय आधार, तिची कार्यरीती आणि साखर कारखान्याच्या परिस्थितीत तिला पडणाऱ्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

नियतकालिक देखभाल आणि तिच्याविषयीचा संशय

यंत्र बिघडेपर्यंत चालवावे व बिघडल्यावर दुरुस्त करावे, ही देखभालीची सर्वांत जुनी रीत. स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागांसाठी ती आजही योग्य आहे. कार्यालयातील दिव्यासाठी कोणी पूर्वानुमान करीत बसत नाही. दुसरी रीत नियतकालिक देखभालीची. ठरावीक तास किंवा महिने झाले की यंत्र उघडायचे, भाग बदलायचे. प्रत्येक भागाला निश्चित असे आयुष्य असते आणि वय वाढेल तशी बिघाडाची शक्यता वाढते, हे या रीतीचे गृहीतक आहे. ते इतके स्वाभाविक वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज दीर्घकाळ कोणालाच भासली नाही.

ती तपासणी प्रथम युद्धकाळात झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या तटरक्षक विमानदलातील लिबरेटर विमानांच्या देखभालीचा अभ्यास जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ही विमाने दर ५० उड्डाण-तासांनी तपासणीसाठी उघडली जात. अनपेक्षित दुरुस्त्यांची नोंद उड्डाण-तासांसमोर मांडली असता विपरीत चित्र दिसले. तपासणी जवळ येताना बिघाड वाढत जातील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते तपासणीनंतर लगेच सर्वाधिक होते आणि पुढे हळूहळू कमी होत जात. निरोगी यंत्रणा उघडल्यामुळेच तिच्यात दोष शिरत होते. तपासण्यांमधील अंतर वाढवून व अनावश्यक कामे वगळून विमानांचे उपलब्ध उड्डाण-तास वाढविता आले. हा अभ्यास ग्रंथरूपाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

नागरी विमानवाहतुकीतील अनुभवावरून स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागासाठी जो अहवाल लिहिला, त्याने या निरीक्षणाला व्यापक आधार दिला. विमानाच्या घटकांच्या बिघाडाचे सहा नमुने त्यांनी नोंदविले. वयानुसार झीज वाढून बिघाडाची शक्यता वाढत जाते असे घटक अवघे ११ टक्के होते. उलट ६८ टक्के घटकांमध्ये बिघाडाची शक्यता बसविल्यानंतर लगेच सर्वाधिक व त्यानंतर जवळजवळ स्थिर राहत असे. अशा घटकाला ठरावीक काळाने बदलणे म्हणजे त्याला पुन्हा पुन्हा धोक्याच्या बाल्यावस्थेत ढकलणे होय.

बेअरिंगच्या बाबतीत हा मुद्दा आकड्यांनी अधिक स्पष्ट होतो. लुंडबर्ग व पामग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार बेअरिंगचे जे आयुष्य कारखानदार छापतात, ते शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे पार करतील असे आयुष्य असते. उरलेली दहा त्यापूर्वीच निकामी होऊ शकतात, आणि निम्मी बेअरिंगे त्या आयुष्याच्या सुमारे पाचपट टिकतात. छापील आयुष्य संपले म्हणून सर्व बेअरिंगे काढून टाकणारा कारखाना बहुतांश चांगली बेअरिंगे फेकून देतो, आणि तरीही अकाली जाणाऱ्या दहांपासून त्याचे संरक्षण होत नाही.

साखर कारखान्यातील बिगरहंगामी ओव्हरहॉलिंगकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. मात्र सरसकट नको. गिरणीच्या रोलरचे दात उसाबरोबर येणारी माती व वाळू यांमुळे खरोखरच झिजतात. ती झीज गाळलेल्या टनांच्या प्रमाणात असते, डोळ्यांनी दिसते व मोजता येते. फायब्रायझरचे हातोडे, बगॅस वाहकाच्या साखळ्या, ज्यूस पंपांचे इंपेलर हेही त्याच वर्गातील. त्यांच्यासाठी नियतकालिक देखभाल हीच योग्य रीत आहे. परंतु शेकडो विद्युत मोटारी, गिअरबॉक्स, पंख्यांची बेअरिंगे आणि टर्बाइन हेही 'हंगाम संपला' एवढ्याच कारणासाठी उघडले जातात. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात होणाऱ्या बिघाडांची यादी अनेक ठिकाणी लांब का असते, याचे एक उत्तर वॉडिंग्टन यांच्या आलेखात सापडण्यासारखे आहे. कपलिंगची जुळणी किंचित चुकलेली, बेअरिंग हातोडीने ठोकून बसविलेले, वंगण गरजेपेक्षा जास्त भरलेले, एखादा फाउंडेशन बोल्ट ढिला राहिलेला, हे दोष यंत्र जुने झाल्याने निर्माण होत नाहीत.

कंपनातून यंत्राची स्थिती कशी उमगते

जुना फिटर लोखंडी सळई किंवा स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक बेअरिंगच्या घरावर व दुसरे कानाशी धरून यंत्राचा कौल घेत असे, आजही घेतो. स्थितिनिरीक्षणाचे शास्त्र हे त्याच कृतीचे मोजमापात झालेले रूपांतर आहे. टी. सी. रॅथबोन यांनी १९३९ मध्ये यंत्रांच्या कंपनाची सह्य व असह्य पातळी दर्शविणारा तक्ता प्रसिद्ध केला. तेथून कंपनाच्या मानकांची परंपरा सुरू झाली. २००९ च्या आय. एस. ओ. १०८१६-३ या मानकात १५ ते ३०० किलोवॉट क्षमतेच्या, भक्कम पायावर बसविलेल्या यंत्रांसाठी कंपनाच्या वेगाच्या मर्यादा सेकंदाला १.४, २.८ आणि ४.५ मिलिमीटर अशा दिलेल्या होत्या. त्यांवरून यंत्राची नवीन, समाधानकारक, असमाधानकारक व धोकादायक अशी चार क्षेत्रे ठरत. २०२२ मध्ये या मानकाची जागा २०८१६-३ ने घेतली; चार क्षेत्रांची कल्पना मात्र कायम आहे.

एकूण पातळीपेक्षा महत्त्वाचा असतो तो तिच्यातील बदल. वर्षभर सेकंदाला ३ मिलिमीटर या पातळीवर स्थिर असलेला पंप, आठवड्यात १.२ वरून २.४ वर गेलेल्या मोटारीपेक्षा कमी चिंतेचा असतो, जरी तक्त्यात मोटारीचे स्थान अधिक चांगले दिसत असले तरी. आणि बदल कशामुळे झाला हे जाणून घ्यायचे असेल तर कंपनाचे त्याच्या घटक वारंवारतांमध्ये पृथक्करण करावे लागते. हे गणित फूरियेच्या काळापासून ज्ञात होते. ते व्यवहार्य झाले कूली व टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद रीतीमुळे. १,०२४ नमुन्यांच्या पृथक्करणासाठी पूर्वी दहा लाखांहून अधिक गुणाकार लागत. नव्या रीतीने त्यांची संख्या सुमारे दहा हजारांवर आली. आज हे काम रुपयाच्या नाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक चकती करते.

प्रत्येक दोषाची वारंवारता यंत्राच्या रचनेतून ठरते, हे या शास्त्राचे मर्म होय. मिनिटाला १,४८० फेरे घेणारी मोटार सेकंदाला २४.६७ फेरे घेते. फिरणाऱ्या भागाचे वजन एका बाजूला अधिक असेल तर कंपन नेमके याच वारंवारतेवर वाढते. फायब्रायझरचा एखादा हातोडा तुटला की हीच खूण उमटते, आणि ती काही क्षणांत उमटते. मोटार व गिअरबॉक्स यांची जुळणी चुकली असेल तर बहुधा दुप्पट वारंवारता ठळक होते व आसाच्या दिशेने कंपन वाढते. पाया ढिला असेल तर मूळ वारंवारतेच्या अनेक पटी एकदम दिसू लागतात. त्याच आसावर २३ दातांचे पिनियन असेल तर दातांच्या जुळणीची वारंवारता सेकंदाला ५६७ येते, आणि एखादा दात दुखावला की तिच्या दोन्ही बाजूंना २४.६७ च्या अंतराने लहान शिखरे उभी राहतात.

बेअरिंगचे गणित याहून मनोरंजक आहे. ६२०५ या प्रचलित क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतात. बाहेरील कड्यावर एके ठिकाणी खवला निघाला असेल तर आसाच्या एका फेऱ्यात त्यावरून ३.५८५ गोळ्या जातात. आतील कड्यावर असेल तर ५.४१५. वर दिलेल्या गतीला या वारंवारता अनुक्रमे ८८.४ आणि १३३.६ इतक्या येतात. दोहोंची बेरीज नेहमी गोळ्यांची संख्या गुणिले आसाची गती, म्हणजे येथे २२२, एवढी भरते. हिशेब पडताळण्याची ती सोपी खूण आहे. या वारंवारता आसाच्या गतीच्या पूर्ण पटीत नसल्यामुळे असंतुलन किंवा जुळणीदोष यांच्याशी त्यांची गल्लत होत नाही.

तथापि आरंभीचा खवला इतका सूक्ष्म असतो की त्याचा आघात इतर कंपनांच्या गोंगाटात हरवून जातो. येथे एक युक्ती उपयोगी पडते. देवळातील घंटेवर कोणीही टोल दिला तरी नाद घंटेचाच निघतो. टोल देणाऱ्याविषयी माहिती मिळते ती दोन टोलांमधील अंतरावरून. बेअरिंगमधील प्रत्येक आघाताने त्याच्या घराचा, कड्याचा असा उच्च वारंवारतेचा 'नाद' उठतो, आणि त्या पट्ट्यात इतर यंत्रांचा गोंगाट फारसा नसतो. तो नाद वेगळा काढून त्याच्या चढउतारांचे आवरण घेतले आणि टोल मोजले, तर ८८.४ की १३३.६ हे स्पष्ट होते. या आवरण-विश्लेषणामुळे बेअरिंगचा दोष कित्येक आठवडे आधी दिसू शकतो. एकूण कंपनपातळी त्यानंतर बऱ्याच काळाने वाढते. तापमान वाढून हाताला चटका बसेपर्यंत तर फार थोडा अवधी उरलेला असतो, आणि केवळ तापमापकावर विसंबणाऱ्या कारखान्यांनी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

जेथे कंपन बोलत नाही

गिरणीचा रोलर मिनिटाला सुमारे पाच फेरे घेतो. बारा सेकंदांत एक फेरा घेणाऱ्या आसाचे कंपन इतके मंद व क्षीण असते की सामान्य त्वरणमापकाला ते जाणवतच नाही. शिवाय हे रोलर गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर ब्राँझच्या पाण्याने थंड होणाऱ्या सरक-बेअरिंगवर फिरतात. कारखान्यातील सर्वांत महत्त्वाचे यंत्र कंपनाच्या भाषेत जवळजवळ मुके आहे, ही बाब या तंत्राच्या विक्री-पुस्तिकांत सहसा आढळत नाही. येथे बेअरिंगचे व थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान, वंगणाचा दाब, रोलर उचलला जाण्याचे प्रमाण आणि मोटारीने घेतलेला प्रवाह यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गिअरबॉक्ससाठी वंगणतेलाची तपासणी उपयुक्त ठरते. तेलातील लोह, तांबे व सिलिका यांचे प्रमाण वाढले तर कोणता भाग झिजतो आहे आणि बाहेरची धूळ आत शिरते आहे काय, याचा अंदाज येतो. मोटारीच्या रोटरचे तुटलेले दांडे विद्युतप्रवाहातच खूण सोडतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर २ टक्के घसरणीने चालणाऱ्या मोटारीच्या प्रवाहात ४८ व ५२ हर्ट्झ या दोन वारंवारता डोके वर काढतात; मोटारीला स्पर्शही न करता, विद्युतकक्षात बसून हे निदान होते. ढिल्या विद्युतजोडण्या अवरक्त छायाचित्रात दिसतात. या रीती परस्परांना पर्यायी नसून पूरक आहेत, हे सांगण्याची खरे तर गरज नाही.

दूरस्थता : माहितीचा प्रवास

संवेदकातून निघालेली माहिती दूरवर पाठविणे हे वरकरणी सोपे वाटते. एका बिंदूवर सेकंदाला २५,६०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, असा हिशेब केल्यास दिवसाला सुमारे ४.४ गिगाबाइट माहिती जमा होते. तीन दिशांची कंपने व शंभर बिंदू धरले तर ती १,३०० गिगाबाइटांवर जाते. ग्रामीण भागातील दूरसंचार जोडणीवरून ती सर्व पाठविणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. म्हणून पृथक्करण यंत्राशेजारीच करून केवळ सारांश, ठरावीक अंतराने घेतलेला एखादा पूर्ण नमुना आणि मर्यादा ओलांडल्यास इशारा, एवढेच पुढे पाठविले जाते.

बिनतारी, बॅटरीवर चालणारे संवेदक बसविण्यास स्वस्त पडतात, परंतु बॅटरी वाचविण्यासाठी ते दिवसातून काही वेळाच जागे होतात. सतत एका गतीने चालणाऱ्या पंख्यासाठी हे पुरेसे आहे. साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्रासाठी मात्र नाही. त्याचे एक आवर्तन काही मिनिटांचे असते. त्यात ते गती घेते, पूर्ण वेगाने फिरते, मंदावते व साखर खाली सोडते. जागा झालेला संवेदक यांपैकी कोणत्या क्षणी मोजमाप घेतो हे ठाऊक नसेल तर कालच्या व आजच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. हीच अडचण वेग बदलणाऱ्या सर्व ड्राइव्हबाबत येते. मोजमापासोबत त्या क्षणाची गती व भार नोंदविणे हा त्यावरील उपाय असून, साध्या वाटणाऱ्या या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने महागड्या यंत्रणा निरुपयोगी ठरू शकतात. बगॅसची भुकटी, वाफ आणि पावसाळ्यातील चार महिन्यांची आर्द्रता यांचाही विचार संवेदकाच्या निवडीत करावा लागतो.

संगणकीय अध्ययनावर आधारित पद्धतींविषयी अलीकडे मोठ्या अपेक्षा व्यक्त केल्या जातात. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने उपलब्ध करून दिलेल्या बेअरिंगच्या माहितीसंचावर असंख्य शोधनिबंध लिहिले गेले असून त्यांतील अनेकांत शंभर टक्क्यांच्या जवळपास अचूकता दाखविलेली असते. परंतु त्या संचातील दोष प्रयोगशाळेत विद्युत-ठिणगीने मुद्दाम कोरलेले आहेत, आणि बहुतेक वेळा एकाच बेअरिंगचे नमुने शिकविण्यासाठी व परीक्षेसाठीही वापरले जातात. प्रश्नपत्रिका आधीच हाती असलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांसारखीच ही अचूकता मानावी लागेल. साखर कारखान्यापुढे याखेरीज आणखी एक प्रश्न असतो. बिगरहंगामात यंत्र उघडून पुन्हा जोडले की त्याची मूळ कंपनरेषाच बदलते. गेल्या हंगामात शिकलेले प्रतिमान या हंगामात तसेच वापरता येत नाही.

माहितीची मालकी हाही दुर्लक्षिण्याजोगा विषय नाही. यंत्राचा उत्पादकच जर दूरवरून निरीक्षण करणार असेल, तर कारखान्याच्या गाळपाचा, थांब्यांचा व बिघाडांचा इतिहास त्याच्या संगणकावर साठतो; करार संपल्यावर तो कोणाचा, हे करारातच लिहिलेले असावे. जोडणी दुहेरी असेल तर धोका आणखी वाढतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रणालीने इराणमधील नतांझ येथील सेंट्रिफ्युजच्या गतीत ढवळाढवळ केली आणि त्याच वेळी नियंत्रणकक्षातील पडद्यावर सर्व काही सुरळीत असल्याचे आधी नोंदविलेले आकडे दाखविले. निरीक्षणाची वाहिनी व नियंत्रणाची वाहिनी वेगळी ठेवावी आणि निरीक्षणाच्या वाहिनीतून माहिती केवळ बाहेर जावी, हा दंडक त्या घटनेनंतर अधिकच आवश्यक झाला आहे.

इशारा आणि निर्णय

समजा, एका कारखान्यात २०० बेअरिंगांवर निरीक्षण असून कोणत्याही महिन्यात त्यांपैकी दोनमध्ये खरा दोष असतो. निरीक्षणपद्धती ९५ टक्के दोष ओळखते आणि निर्दोष बेअरिंगांपैकी केवळ ५ टक्क्यांबाबत खोटा इशारा देते. ही पद्धत उत्कृष्ट वाटते. तरीही महिन्याला सुमारे बारा इशारे येतील आणि त्यांपैकी दहा खोटे असतील. दोन महिन्यांत फिटरांचा विश्वास उडेल, तिसऱ्या महिन्यात भोंग्याची तार काढली जाईल. म्हणूनच एका इशाऱ्यावर यंत्र थांबवायचे नसते. प्रथम मोजमाप पुन्हा घ्यायचे, मग दुसऱ्या रीतीने पडताळायचे, वंगण पाहायचे, आणि जाणकार माणसाने जागेवर जाऊन यंत्र ऐकायचे. दूरस्थ निरीक्षणाने फिटरचे काम संपत नाही. कोठे जायचे ते त्याला कळते.

याच्या उलट टोकाची घटना १७ ऑगस्ट २००९ रोजी रशियातील येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात घडली. तेथील ६४० मेगावॉटच्या दहा संचांपैकी दुसऱ्या संचाचे झाकण सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी उडाले, यंत्रगृहात पाणी घुसले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. अधिकृत चौकशीनुसार त्या संचाच्या टर्बाइन-बेअरिंगचे कंपन अपघाताच्या क्षणी ८४० मायक्रोमीटरवर पोहोचले होते. अनुज्ञेय मर्यादा १६० होती. झाकण धरून ठेवणाऱ्या तपासलेल्या ४९ स्टडांपैकी ४१ मध्ये धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा आढळल्या. त्या एका संवेदकाच्या वाचनाच्या विश्वासार्हतेविषयी पुढे तज्ज्ञांत वाद झाला. पण तो वाद जमेस धरला तरी एक गोष्ट उरतेच. वाचन उपलब्ध होते. ते खरे असेल तर संच थांबवायला हवा होता, आणि खोटे असेल तर संवेदक बदलायला हवा होता. या दोहोंपैकी काहीही झाले नाही. मोजमाप व निर्णय यांमधील दुवा तेथे तुटलेला होता.

साखर कारखान्यात हा दुवा बहुधा रात्रपाळीत तुटतो. इशारा पहाटे दोन वाजता येतो. तळावर दोनशे गाड्या उभ्या असतात, गाळपाचे दैनिक उद्दिष्ट सकाळी संचालकांसमोर जायचे असते, आणि पाळीवरील अभियंत्याने गिरणी थांबविली व बेअरिंग उघडल्यावर ते निर्दोष निघाले तर त्या थांब्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. न थांबविल्यामुळे बेअरिंग गेले तर मात्र ती 'यंत्राची चूक' ठरते. अशा व्यवस्थेत कोणताही शहाणा माणूस यंत्र चालूच ठेवील. कोणत्या पातळीला कोणी, किती वेळात, काय करायचे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही, हे हंगामापूर्वी लेखी ठरविलेले असले, तरच त्या अभियंत्याचा हात मोकळा होतो.

प्रत्यक्षात बहुतेक इशारे इतके निकडीचे नसतात, आणि तेथेच या पद्धतीचा खरा लाभ आहे. बाष्पकांच्या नळ्यांवर साचलेले थर काढण्यासाठी अनेक कारखाने हंगामात ठरावीक अंतराने जनरल क्लीनिंगकरिता थांबतात. आवरण-विश्लेषणात एखाद्या बेअरिंगचा दोष दिसला आणि ते आणखी पाच-सहा आठवडे तग धरेल असा अंदाज असला, तर प्रश्न एवढाच उरतो की पुढील क्लीनिंग त्याआधी आहे काय. असेल तर बेअरिंग आताच मागवून ठेवायचे, मोजमापाची वारंवारता आठवड्यावरून दिवसावर आणायची, तोपर्यंत भार थोडा कमी ठेवायचा आणि क्लीनिंगच्या दिवशी ते बदलायचे. गाळपाचा एकही जादा तास त्यासाठी खर्ची पडत नाही. काढलेले बेअरिंग मात्र भंगारात टाकण्यापूर्वी कापून पाहावे. दोष सांगितला त्याच कड्यावर आहे काय, तो किती खोल आहे, हे नोंदविल्याशिवाय पुढील वेळी 'पाच-सहा आठवडे' हा अंदाज कशाच्या आधारे करणार?

नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्या कारखान्याला शंभर संवेदक एकदम घेण्याची आवश्यकता नाही. फायब्रायझर, टर्बाइन व त्यांचे गिअरबॉक्स, बॉयलरचे पंखे आणि फीड पंप, म्हणजे ज्यांच्या थांबण्याने सर्व काही थांबते व ज्यांना राखीव जोडीदार नाही अशी यंत्रे प्रथम घ्यावीत. उरलेल्यांसाठी हातातील उपकरणाने पंधरा दिवसांतून एक फेरी पुरते. सर्वांत मोलाची मोजमापे दोन वेळची असतात. एक हंगामाच्या शेवटच्या आठवड्याची, कारण कोणते यंत्र उघडायचे व कोणते मुळीच उघडायचे नाही हे तिच्यावरून ठरते. दुसरी अग्निप्रदीपनानंतर पूर्ण भार आल्यावरच्या पहिल्या काही दिवसांची. जोडणीत राहिलेले दोष त्या वेळी दिसतात, आणि तोपर्यंत तळावर गाड्यांची रांग लागलेली नसते.